हिच्या नावाचा डबा

घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी दिवाळीचा फराळ करत नाहीत. तो शेजारी आणून देतात. ही गेल्यानंतरची पहिली दिवाळी कशी जाईल, याची मला धास्ती होती.

सकाळी समोरची शैला डबा घेऊन आली.

‘‘काका, डबा तुमचाच. गेल्या दिवाळीत काकूंनी चकल्या दिल्या होत्या.’’

‘‘आणि तू वर्षभर दाबून ठेवलास!’’

‘‘मग रिकामा देऊ? काकूंनी घरात घेतलं नसतं मला.’’

आम्ही दोघंही हसलो. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

ती गेल्यावर झाकणावर कोरलेल्या हिच्या नावावरून बोट फिरवलं. दिलेलं असं कुठेकुठे थांबून परत येतं, नेमकं गरजेच्या वेळी. मला चकली करता येत नाही. पण पुढच्या दिवाळीला हा डबा शैलाकडे भरूनच जाईल.