काकडी निळी झाली होती

आमच्या बाई अजिबात प्रेमळ नव्हत्या.

सकाळपासून जुन्या शाळेच्या ग्रुपवर "मनमिळाऊ", "शांत स्वभावाच्या", "कधी कुणाला दुखावलं नाही" असलं काय काय फॉरवर्ड करालायसा. पुरे करा की!

देसूरकर बाई आज पहाटे गेल्या. निदान आज तरी खरं लिहा.

वडगावच्या आमच्या सरकारी मराठी शाळेत त्या सहावी-सातवीला विज्ञान शिकवायच्या. सातवीच्या पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, "बाई, सायन्सच्या तासाला काय काय असतंय?"

"हात घाण होणार. युनिफॉर्म डागाळणार. माझी बोलणी बसणार," बाई म्हणाल्या. "उत्तर चुकलं तर चालतंय. न बघता लिवलेलं चालत न्हाय. पटत असंल तर बसा."

जाणार कुठं? बसलो.

त्या वर्षी आयोडीनचा प्रयोग होता. पदार्थात पिष्ट असलं की आयोडीनचा थेंब पडल्यावर तो निळा-काळा होतो. भात होतो, बटाटा होतो. काकडी होत नाही. पुस्तकात तसं छापलेलंच होतं.

माझी काकडी निळी झाली.

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. "हिच्या काकडीत बटाटा शिरलाय गं!" मला रडू यायचं बाकी होतं. मी गपचूप खोडरबर काढला.

बाईंनी तो हातातनंच काढून घेतला.

"दात काय काढालायसा रं? तिला दिसलं ते तिनं लिवलंय. तुमच्यापैकी निम्म्यांनी थेंब टाकायच्या आधीच उत्तर लिवलंय, मला काय दिसत न्हाय व्हय?"

मग माझ्याकडं वळल्या. "का झाली निळी, ते शोधून आण. दोन दिवस दिले."

दोन दिवस लागलेच नाहीत. आमच्या घरी हातमाग. रोज सकाळी शाळेला यायच्या आधी मी आप्पांबरोबर सुताला खळ लावायची. खळ म्हणजे पिठाची कांजीच. तशाच हातानं काकडी धरलेली. एक हात साबणानं धुऊन प्रयोग परत केला, काकडी हिरवी ती हिरवीच. मग न धुतलेल्या दुसऱ्या हाताच्या नखावर थेंब टाकला. नख निळं!

हे सगळं मी त्याच पानावर खाली लिहिलं. बाईंनी लाल पेनानं सही केली. शाबासकी वगैरे काही नाही. पण ते पान त्यांनी सातवी-अ ला नेऊन दाखवलं, हे मला नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन आलं. साहेबांनी ढिगातनं नेमकी माझीच वही उचलली.

"काकडी निळी? हे शिकवता तुम्ही?"

"खालचं वाचा की साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी वाचलं नाही. "पुस्तकाप्रमाणं पान बदलून घ्या. उद्या परत बघतो."

"पान बदलणार न्हाय."

सगळ्या वर्गासमोर. आवाज न चढवता.

आता जे लिहितेय ते मी आजवर बाईंशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारी हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. गोड बोलले. "बाळ, बाईंवर कारवाई होईल. तुला बाईंचं भलं पायजे ना? मग एवढं एक पान नवीन लिही."

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात. "काकडी : रंग बदलला नाही." जुनं पान हेडसरांनी फाडून घेतलं.

मला वाटलं, मी बाईंना वाचवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी साहेबांपुढं तीच वही उघडली. "हे बघा, पोरीनं कारण कसं शोधलंय..." आणि थांबल्या.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

साहेब हसले. "आता बरोबर आहे."

जूनमध्ये बाईंची जांबोटीला बदली झाली. दोन बस, वर पायपीट, आणि तिथला तो पाऊस. ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय, "स्वेच्छेनं ग्रामीण भागात सेवा." स्वेच्छेनं? काय तरीच! घरात आजारी सासू टाकून कोण स्वेच्छेनं जातंय?

मी पण पुढं विज्ञानाचीच टीचर झाले. पहिल्या पगारानंतर बाईंच्या घरी गेले, पाया पडले आणि सगळं सांगून टाकलं. "बाई, माझ्यामुळं तुमची..."

बाई भडकल्या. "बारा वर्षांची पोर हुतीस गं तू! तुझी कसली चूक? मोठ्या माणसांनी करून घेतलं तुझ्याकडनं." मग चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाल्या, "आता तूच मोठं माणूस झालीस. बघू काय करतीस."

मी काय केलं सांगू? काही नाही.

या आठवड्यात आमच्या शाळेत इन्स्पेक्शन आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं मटकी पेरून एक कुंडी कपाटात ठेवली, एक खिडकीत. कपाटातलं रोप पिवळं पडलं, पण जास्त उंच झालं. तिनं पट्टी लावून मोजलं आणि लिहिलं. अंधारात होतंच तसं, उजेड शोधत रोप ताणतं. गाईडमध्ये मात्र छापलंय, "अंधारातील रोप वाढत नाही." आमच्या शाळेचे हेडसर म्हणाले, तिच्याकडनं पान बदलून घ्या.

तीन दिवस मी "बघू सर, बघू सर" करतेय.

आज दुपारी बाईंना पोचवून आले. अंघोळ केली आणि स्टाफच्या ग्रुपवर लिहिलं, "पान बदलणार नाही. शनिवारी साहेबांसमोर मी स्वतः वाचून दाखवीन, खालच्या ओळीपर्यंत."

सर, तुम्ही ही पोस्ट वाचणार, माहीत आहे मला. वाचाच.

त्या मुलीला ऑफिसात एकटी बोलवायचं नाही. काय बोलायचं ते माझ्याशी बोला. तिच्याआधी मी उभी आहे.

बाई, उशीर केला मी. लई उशीर केला.

शेवटचा नमस्कार.