सिस्टरांची गाडी आणि चंपी

राजगडावर गेलेला माणूस विचारतो, राजवाडा कुठं होता, चोरदरवाजा कुठं आहे. सिस्टर विचारायच्या, "जखमी माणसं कुठनं खाली आणत असतील?" तटाला हात लावून त्या खालच्या उताराकडे बघत राहायच्या. "वेढा पडला, झुंजले, पडले, हे समदे सांगत्यात. पण जो पडला आणि मेला न्हाई, त्याला पाणी कुणी पाजलं?" याचं उत्तर त्यांना कधी मिळालं नाही. तरी जिथं जिथं लढाई झाली असं ऐकलं, तिथं त्या जायच्या आणि हेच विचारायच्या.

सिस्टर भाटघरकडच्या. सगळी नोकरी भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर नर्स म्हणून झाली. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक मोडीत निघालेली अँब्युलन्स घेतली, आत फळ्यांचा पलंग ठोकून घेतला, गॅसची शेगडी आणि पाण्याचा पिंप ठेवला, आणि भोरच्या खोलीला कुलूप लावून बहुतेक दिवस त्या गाडीतच राहू लागल्या. "खोली एका जागी बसून राहती," म्हणायच्या. "ही माझ्यासंगं येती."

गाडीत दोन कुत्री. सारोळ्याच्या पुलाजवळ कुणीतरी पोत्यात घालून टाकलेली चंपी, आणि भोरच्या एसटी स्टँडवरून मागे लागलेला बंड्या. मी शेजारी राहायचे, शिवणकाम करायचे. रविवारी दुकान बंद ठेवून त्यांच्याबरोबर जायचे. माझं काम कुत्री सांभाळायचं. कुठंही थांबलो की पहिलं पाणी त्यांना, मग आम्हाला. "त्यांना मागता येत न्हाई, म्हणून त्यांचं आदी," हा सिस्टरांचा नियम होता. चंपी तर त्यांच्या ताटातलं खायची आणि त्यांच्या पायाशी झोपायची.

तो रविवारही तसाच उजाडला होता. राजगडावरून उतरून आम्ही पायथ्याच्या गुंजवण्यात हौसाबाईंच्या अंगणात आलो. हौसाबाई ताक विकायच्या, आमची गाडी नेहमी त्यांच्याच दारात लागायची. मी बंड्याला बांधत होते. चंपी मोकळी होती आणि सरपणाच्या ढिगाजवळ उभी राहून सारखी भुंकत होती.

"काय गं, उंदीर हाय का?" म्हणत हौसाबाईंनी एक लाकूड ओढलं.

कुकरने वाफ सोडावी तसा आवाज आला. हौसाबाई किंचाळल्या, हाताला साप डसला होता. त्याच क्षणी चंपीने ढिगात तोंड घातलं. ती मागे सरली तेव्हा तिच्या जबड्यात घोणस होती, आणि घोणशीचे दात तिच्या नाकपुडीशी रुतलेले.

सिस्टर धावल्या नाहीत. भराभर चालत आल्या. चंपीवरून त्यांची नजर एकदा फिरली, तेवढीच. हौसाबाईंना खाली बसवून त्यांनी मनगट हातात घेतलं. तोवर हौसाबाईंचे मालक दगडूदादा दोरी घेऊन आले होते.

"दोरी नको, दगडू. हात जाईल तिचा."

"मग वरच्या वाडीतल्या देवऋष्याला तरी..."

"गाडीत बस." मग त्या हौसाबाईंकडे वळल्या. "बांगड्या काढायच्या."

विष चढत असतानाही हौसाबाईंनी हात मागे ओढला. "बाई, न्हाई. सवाष्ण हाय मी."

"हात सुजला की याच बांगड्या मासात रुतत्याल. मालक हितं जित्ता उभा हाय तुझा. दगडू, सांग तिला."

शेवटी दगडूदादांनीच खाली बसून एकेक बांगडी दगडाने फोडली. सिस्टरांनी हाताला फळी बांधली, हौसाबाईंना पलंगावर निजवलं. मी बंड्याला पुढे दगडूदादांशेजारी चढवलं, चंपीला उचलून आत घेतलं आणि हौसाबाईंच्या पायाशी ठेवलं. तिचं तोंड सुजून ओळखू येत नव्हतं.

गाडी निघाली. "पोरी, बोलत राहा तिच्याशी. श्वास बघ." साखरजवळ मोबाईलला रेंज आली तेव्हा वेल्ह्याच्या दवाखान्यात त्यांनी मलाच फोन लावायला सांगितलं. सापावरचं औषध तिथं होतं. दर वळणावर पुढून एकच प्रश्न यायचा, "हौसा बोलती का?" हौसाबाईंच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. चंपीबद्दल सिस्टरांनी विचारलं नाही.

मार्गासनीच्या अलीकडे सुट्टीच्या गाड्यांची रांग लागली होती. सिस्टरांनी हॉर्नवरचा हात काढला नाही. पुढच्या गाडीतला माणूस उतरला, काचेतून बंड्याकडे बघून म्हणाला, "कुत्री फिरवताय आणि वर घाई कसली?" सिस्टर खाली उतरल्या आणि मागचं दार उघडलं. त्याने हौसाबाईंचं तोंड बघितलं. मग तोच पुढे पळत सुटला, एकेका गाडीवर थापा मारत, "बाजूला घ्या, बाजूला घ्या" ओरडत.

दवाखान्यात हौसाबाईंना आत नेलं. डॉक्टर नवा पोरगाच होता, पण हात सराईत होता त्याचा. बाटली लागली. मी दारातच सिस्टरांना गाठलं.

"चंपीचा श्वास अजून चालू आहे. डॉक्टरांना विचारू का, एखादं इंजेक्शन..."

"विचारू नको."

"पण सिस्टर..."

"औषध मोजकं असतं, हौसाला अजून लागंल. त्या पोराला न्हाई म्हणायला लावू नको."

मग त्या बाहेर आल्या. गाडीच्या पायरीवर बसून त्यांनी चंपीचं डोकं मांडीवर घेतलं, ओला बोळा तिच्या जिभेला लावत राहिल्या. चंपी गेली तेव्हा पदराने तिचं तोंड पुसलं, हात धुतले आणि आत जाऊन हौसाबाईंच्या उशाशी उभ्या राहिल्या.

हौसाबाई वाचल्या. पुण्याला न्यावं लागलं, एक बोट कायमचं वाकडं राहिलं, पण वाचल्या. चंपीला दगडूदादांनी स्वतःच्या बांधावर पुरलं. सिस्टर तिथं माती लोटायला थांबल्या नाहीत. गाडीत बसून होत्या, आणि परतीच्या रस्त्यावर पहिल्यांदाच मी त्यांना हमसून रडताना ऐकलं. गाडी मात्र सरळ चालत होती.

पुढे त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. एक दिवस किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "शीक." मी शिकले. वरंध्याच्या घाटात पहिल्यांदा गाडी घातली तेव्हा त्या मागे पलंगावर बंड्याला धरून बसल्या होत्या. एका बाजूला दरी, समोरून ट्रक. मी घाबरून सारखी मान वळवून त्यांच्याकडे बघत होते.

"पोरी," मागून शांत आवाज आला, "तू रस्ता बघ. मागं मी हाय."

त्याच वर्षी हिवाळ्यात त्या गेल्या. गाडी आता माझ्याकडे आहे. बंड्या मागे एकटाच बसतो, आणि घाट लागला की मी मान वळवत नाही.