पंचविसावं उड्डाण

गल्लीतले लोक त्याला कॅप्टन म्हणत. नोकरीभर लिफ्ट दुरुस्त करणारा हा गृहस्थ आठव्या मजल्याच्या वर कधी गेला नव्हता, पण घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर अकरा वर्षांच्या खटपटीनंतर लागोपाठ चोवीस वेळा शत्रूच्या मुलखावर बॉम्ब टाकून तो धडधाकट परत आला होता. त्याची बायको शिलाईकाम करायची. कपडे शिवायला आणणारे सगळे तिला बाई म्हणायचे, आपणही तेच म्हणू.

त्या खेळाचा कायदा मोठा खडूस. पंचवीस उड्डाणं पुरी केली की वैमानिकाला सन्मानाने घरी पाठवणार. मध्ये विमान पडलं की वैमानिक मेला, नोंद पुसली, पुन्हा एकपासून मोजा. कॅप्टनचे सहा वैमानिक असे मेले होते आणि दर वेळी तो दोन-दोन दिवस कुणाशी धड बोलला नव्हता. सातवा चोवीसपर्यंत पोचला आणि अर्धांगाचा झटका आला तो कॅप्टनलाच. उजवा हात गेला, जॉयस्टिक धरायचा.

त्याला दोन वर्षं झाली. कॅप्टन रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करी, पडद्यावरचा चोवीस आकडा बघे आणि बंद करी. बाई शिवता शिवता ते बघायची. पण खेळाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

मग एकदा कॉम्प्युटरवाला येऊन मशीन उघडून बसला. आतली डिस्क खडखडत होती.

"आज आहे, उद्या नाही," तो म्हणाला. "नोंदीची कॉपी काढून ठेवू का? मग विमान पडलं तरी बिघडत नाही. पुन्हा चोवीसपासून सुरू."

"मेलेला माणूस कॉपीतून उठवायचा?" कॅप्टन कडाडला. "असली लबाडी माझ्या घरात नको!"

कॉम्प्युटरवाल्याने स्क्रू बसवले आणि काढता पाय घेतला. कॅप्टन आपल्या खुर्चीतून उठला आणि बाईकडे वळला. मग म्हणाला, "तू बस."

"मी? अहो, मला साधी सायकल येत नाही."

"चोवीस वेळा बघितलंस ना?"

"बघितलं कसलं, मी आपली काजं करत होते."

"काजं करता करता 'डावीकडून आला, डावीकडून' म्हणून कोण ओरडायचं?"

बाईची चोरी पकडली गेली. तिने मानेवरची टेप काढून खुंटीला अडकवली आणि त्याच्या खुर्चीत बसली.

सरावाच्या उड्डाणांत मेलं तरी चालायचं, आणि बाई आठवडाभर मनसोक्त मेली. झाडांवर, डोंगरावर, एकदा तर स्वतःच्याच तळावरच्या स्वयंपाकघरावर. कॅप्टनच्या तोंडाचा पट्टा चालूच. "ओढ! वर ओढ! अगं, ओढ ना!" ती ओढायची आणि विमान नाक वर करून दगडासारखं खाली यायचं. सातव्या दिवशी ती चिडली.

"ओढायचं काय लावलंय सारखं? शिवताना कापड ओढलं तर सुई मोडते. कापड मशीन नेतं. आपण नुसता हात ठेवायचा."

त्यानंतर तिने दोन बोटांनी जॉयस्टिक धरली आणि विमान सुतासारखं सरळ चाललं. पायांचं तर शिकवावंच लागलं नाही. कॅप्टनने विमानाची शेपटी वळवायला लाकडी पेडलं बनवली होती, पण त्याला हातपाय एका वेळी जमत नसत. बाईचे पाय तीस वर्षं मशीनवर एक काम करत आले होते आणि हात दुसरं.

आठव्या दिवशी सकाळी तिने खरं उड्डाण सुरू केलं. नवऱ्याची अकरा वर्षं आपल्या हातून पुसली गेली तर उद्यापासून या माणसाच्या समोर चहाचा कप ठेवायचा कसा, एवढंच तिच्या मनात होतं.

उडवायचा होता तो पूल आला, बॉम्ब पडले. "वळ, वळ, पूल पडला का बघू!" कॅप्टन म्हणाला. त्याचे तीन वैमानिक याच हौसेपायी गेले होते.

"पडला असेल. आपलं काम झालं, घरी चला," म्हणून बाईने विमानाचं तोंड फिरवलं ते थेट तळाकडे.

तरी शत्रूची दोन विमानं मागे लागलीच. मागच्या बंदुकीवरच्या शिपायाने, म्हणजे कॉम्प्युटरनेच, एक पाडलं. दुसरं जाता जाता डावं इंजिन पेटवून गेलं. विमान डावीकडे फिरायला लागलं. बाईने उजवा पाय दाबला तो दाबूनच ठेवला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पोटरीत गोळा आला, पाय हलला नाही.

धावपट्टी दिसली आणि विमान झपाझप उतरायला लागलं. समोर झाडांची रांग.

"ओढ!" कॅप्टन किंचाळला. "मरतोय आपण!"

"गप्प बसा हो!"

लग्नानंतर ती पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडली. नाक तिने उलट थोडं खाली सोडलं, वेग येऊ दिला, मग दोन बोटांनी एवढंसं उचललं. शेंडे पोटाखालून गेले. चाकं टेकली, विमान तिरकं घसरत गेलं आणि धावपट्टीच्या टोकाला थांबलं.

पडद्यावर पंचवीस आकडा आला. खाली ओळ उमटली: सेवा पूर्ण, वैमानिक सन्मानाने मुक्त.

कॅप्टन रडत होता, हसत होता, डाव्या हाताने टेबल बडवत होता. बाईने दोन्ही मुठी वर केल्या आणि अशी आरोळी ठोकली की समोरचा इस्त्रीवाला धावत दारात आला. "जिंकलो!" ती त्याला म्हणाली. "सगळे जिवंत आलो!" काय जिंकलं ते न विचारताच त्या भल्या माणसाने टाळ्या वाजवल्या.

तो गेल्यावर कॅप्टनने डोळे पुसले. "झालं," तो म्हणाला. "आता हा डबा काढून टाकू. माझं काही राहिलं नाही."

बाईला ते मुळीच पटलं नाही. आठ दिवसांत तिला आभाळाची चटक लागली होती आणि ते कबूल करायला तिला लाज वाटत नव्हती. तिने नवा वैमानिक उघडला, नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं आणि कीबोर्ड सरकवून त्याच्या डाव्या हाताखाली ठेवला.

"मागची बंदूक यावरून चालते ना? एका हाताने?"

"चालते," तो म्हणाला.

"मग सरका जवळ. आणि विमान मी चालवणार, ओढ-ओढ करायचं नाही."

कॅप्टनने खुर्ची सरकवली.