ट्रिपची पट्टी

हे मी घरी सांगितलेलं नाही, ऑफिसात तर नाहीच. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

लातूरजवळच्या एका सबस्टेशनात मी रिले तपासायचो. तिथून नांदेडकडं लांबलचक हायटेन्शन लाइन जाते. तिची तार कुठं तुटली, तर रिलेनं ते ओळखायचं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन बंद करायची. तपासणीत आम्ही रिलेला खोटा बिघाड दाखवतो. त्यानं खरी लाइन बंद पडू नये म्हणून पॅनलवरची ट्रिपची छोटी पट्टी, म्हणजे बंद करायचा हुकूम लाइनपर्यंत नेणारी, आधी उघडून ठेवतो. काम झालं की ती परत लावायची. एवढंच तर काम!

ती मी लावली नाही. जेवायची वेळ टळून गेली होती, बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता — पण हे कशाला सांगतोय मी? नाही लावली. रजिस्टरात मात्र ‘पट्टी पूर्ववत’ लिहिलं. ऑपरेटर अप्पांनी खाली सही केली, पॅनलकडं न बघताच. “साहेबानं लावली म्हंजे लावली,” म्हणाले.

अप्पा रेणापूरचे, लिंगायत. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा माणूस. दोन दिवसांनी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडं पॅनलची पूजा होते. अप्पांनी सगळं पुसून काढलं, हळदकुंकू लावलं, हार घातला.

त्याच आठवड्यात चाकूरकडं तार तुटून शेतात पडली. रिलेनं ओळखलं, पण त्याचा हुकूम त्या उघड्या पट्टीपाशीच अडला. घंटा वाजली तसे अप्पा धावले आणि त्यांनी हातानं लाइन बंद केली. मिनिटभरही गेलं नसेल. तेवढ्यात सोयाबीन कापणारी एक बाई बांधावरचं वासरू सोडवायला पळाली होती. ती गेली.

चौकशीत मी म्हणालो, पट्टी मी लावली होती, सही बघा. मग उघडी कशी राहिली? आणि मी — कुणी सुचवलंही नव्हतं हो — म्हणालो, पूजेच्या वेळी पुसताना हात लागला असेल. साहेबलोकांना तेवढंच हवं होतं. ठपका अप्पांवर आला, आणि अप्पांनाही ते पटलं. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. “माझ्याच हातून झालं असंल, साहेब. तुमचंबी नाव खराब केलं मी.”

मला भेकड म्हणाल? भेकड माणूस निदान गप्प तरी बसतो.

यंदा श्रावणात अप्पा गेले. मी मातीला गेलो होतो. काकूंनी, त्यांच्या बायकोनं, मला बाजूला घेतलं. चौकशीपासून अप्पांनी लिंग कधी हातावर घेतलंच नाही म्हणे. ह्या हातानं बाई मेली, म्हणायचे. मग माझ्याकडं बघत काकूंनी विचारलं, “साहेब, तुम्ही तर होताव की तिथं. खरंच ह्यांच्याच हातून झालं का हो?”

मी हो म्हणालो.