राजाभाऊचा डबल ट्रेलर

मुनीरचा फोन आला तेव्हा माझा ट्रॅक्टर प्रवरेच्या पुलावर होता. म्हणजे टीव्हीच्या पडद्यावरच्या पुलावर. मागे उसाचे दोन ट्रेलर, समोरून एसटी आणि सगळा भार माझ्या डाव्या अंगठ्यावर. मोबाईल खांद्यात दाबून मी म्हटलं, "मुनीर, एवढा पूल ओलांडू दे, मग बोल." तो गप्प राहिला. सुप्याच्या कंपनीत वीस वर्षं प्रेस मशीनशेजारी काढलेला हा माणूस आयुष्यात कधी गप्प राहिलेला नाही. मी पूल ओलांडला, एसटीला हूल दिली, बक्षिसाचे हजार गुण घेतले आणि म्हटलं, "हां, बोल."

"राजाभाऊ गेला रे. सकाळी कंपनीच्या कॅन्टीनमधी. बसल्या जागी..."

पुढे काय बोललो ते आठवत नाही. पडद्यावरचा ट्रॅक्टर मात्र माझ्यावाचून पुढे गेला आणि नदीत उतरला. तो ट्रॅक्टर, ती नदी, ती एसटी, सगळं राजाभाऊनंच केलेलं होतं.

राजाभाऊ भिंगारदिवे नागापूरच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन होता. ही त्याची पोटापुरती ओळख. खरी ओळख अशी की, आजच्या काळात, पोरं मोबाईलवर अख्खी शहरं जाळतायत तेव्हा, तीस वर्षांपूर्वीच्या टीव्ही गेमसाठी नवे गेम लिहिणारा तो आपल्या जिल्ह्यातला एकमेव माणूस होता. मी तर आशिया खंडातला म्हणतो. कुणाला शंका असेल त्यानं दुसरा आणून दाखवावा. टीव्ही गेम म्हणजे तोच, पिवळी कॅसेट खोचायचा, दोन वायरींचे दोन पॅड असलेला. कॅसेटवर लाखभर गेम छापलेले आणि आत मोजून सात. ज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या त्याच्यापुढे गेल्या त्यांना जास्त सांगायला नको.

आमची गाठ प्रवरेकाठच्या बेलापूरला पडली. तो टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला, मी आणि मुनीर कॉलेजला जातो असं घरी सांगून त्याच दुकानाच्या फळीवर. गावात वीज इतक्या कमी दाबानं यायची की गेममधल्या गड्यानं सोमवारी उडी मारली तर तो बुधवारी खाली यायचा. मधल्या वेळात आम्ही जेवून येत असू. एकदा एकाचा टीव्ही गेम विहिरीत पडला. राजाभाऊनं तो काढला, उलटा टांगला, तीन दिवस ज्वारीच्या कणगीत पुरला आणि चालू केला. चालला! फक्त पुढे महिनाभर, पाण्याची लेव्हल आली की आतून बेडकाचा आवाज यायचा. मुनीरला विचारा. तो दोन बेडूक सांगतो.

कॅसेट चालली नाही की सगळं जग तिच्यात फुंकर मारायचं. ते पाहिलं की राजाभाऊचा पारा चढायचा. "आरं फुकतो काय, शेगडी हाय का ती? तुजी थुकी जाती आत, पितळ गंजतं. खोडरबर आन!" मग शाळेतल्या खोडरबरानं तो कॅसेटचे दात असे घासायचा की जणू तिला लग्नाला न्यायची आहे. मी सावेडीत फ्लेक्स छपाईचं दुकान टाकलं, मुनीर सुप्याला लागला, राजाभाऊ नागापूरला आला. टीव्ही पातळ झाले, भिंतीवर गेले. पण त्याच्या खोलीत तो जुना ढेरपोट्या टीव्ही तसाच राहिला आणि रविवारी सकाळी आम्ही तिघं त्याच्यापुढे मांडी घालून बसत राहिलो. आमच्या बायकांनी आधी भांडून पाहिलं, मग दुर्लक्ष करून पाहिलं. शेवटी शालनवहिनी, म्हणजे राजाभाऊची बायको, म्हणाल्या, "दारू पीत न्हाईत, पत्ते खेळत न्हाईत. बसू द्या." तेव्हापासून आम्हाला सरकारमान्यता मिळाली.

एका रविवारी तोच तो उड्या मारणारा गडी पाहून राजाभाऊ म्हणाला, "हा कुठला कोण? ह्याच्या गावचा कुनी पाहुणा हाय का आपल्यात? आपला गेम पायजे." मी हसलो. मुनीर हसला. राजाभाऊ हसला नाही. पुढची दोन वर्षं त्यानं कंपनीतली पाळी सांभाळून, इंटरनेटवरचं इंग्रजी एकेक शब्द विचारत विचारत, त्या यंत्राची भाषा शिकून घेतली. अख्खा गेम चाळीस किलोबाईटांत बसवायचा. तुम्ही सकाळी व्हॉट्सअॅपवर गुलाबाचं फूल पाठवता ना, त्यात राजाभाऊचे दोन-तीन गेम आरामात झोपले असते. रंग मोजके. एका आडव्या ओळीत हलणाऱ्या वस्तू आठच. नववी आली की एक दिसेनाशी होते. पहिल्यांदा त्यानं ट्रॅक्टर, दोन ट्रेलर आणि मागे ऊस ओढणारी पोरं एका ओळीत काढली तर ड्रायव्हरच गायब झाला. राजाभाऊ म्हणाला, "पंगतीला जागा न्हाई म्हनून मालकच उठिवला बघ ह्यानं!"

गेमचं नाव 'डबल ट्रेलर'. उसाचे दोन ट्रेलर शेतातून कारखान्यापर्यंत न्यायचे. पहिल्या टप्प्यात चिखलाची गाडीवाट, दुसऱ्यात पूल, तिसऱ्यात हमरस्ता आणि रेल्वेचं फाटक, मग कारखाना. मागून पोरं ऊस उपसतात, हॉर्न दिला की पळतात. मुनीरनं आवाज केले. सायकलवाला धडकला की येणारा 'टुंग' काढायला त्यानं सुप्याच्या कॅन्टीनची सगळी ताटं वाजवून पाहिली. मी चित्रं काढली. आयुष्यभर पुढाऱ्यांचे चेहरे गोरे करण्यात गेलेला माझा हात आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच चौकोनात ट्रॅक्टरचं चाक बसवताना दहादा चुकायचा. राजाभाऊ मागून बघायचा आणि माझं चित्र हळूच सुधारायचा.

आणि ते चिपांचं वाळवण! गेम खऱ्या यंत्रावर चालवायचा तर तो चिपेवर लिहून कॅसेटीत बसवावा लागतो. त्या जुन्या चिपांना पाठीवर काचेची खिडकी असते. तिच्यातून कडक ऊन आठवडाभर आत गेलं की लिहिलेलं पुसतं आणि चीप पुन्हा कोरी. त्यामुळे एप्रिलमध्ये राजाभाऊच्या गच्चीवर एका बाजूला वहिनींच्या कुरडया आणि दुसऱ्या बाजूला स्टीलच्या ताटात पंधरा-वीस चिपा. शेजारच्या काकूंनी विचारलं, "हे काय घातलं वाळाया?" राजाभाऊ म्हणाला, "उन्हानं जुनं पुसतंय काकू, मग नवं लिवायचं." काकूंनी क्षणभर विचार केला. "मंग आमच्या ह्यांनाबी निजवू का त्या ताटात आठ दिस? लई जुनं भरलंय डोक्यात." लिहून झालेल्या चिपेला ऊन लागू नये म्हणून खिडकीवर वहिनींची टिकली. टिकल्यांची पाकिटं भराभर संपायला लागली तेव्हा वहिनींना वाटलं, आपणच वेंधळ्या झालो. एक दिवस त्यांनी कॅसेट उघडी पाहिली आणि आत आपली मरून रंगाची टिकली!

ट्रॅक्टर पहिल्यांदा खऱ्या टीव्हीवर चालला तो रविवार मी विसरणार नाही. निळा पडदा, खरखर आणि मग डावीकडून आमचा ट्रॅक्टर आला... धूर सोडत! मुनीर ओरडला, मी ओरडलो, राजाभाऊनं मला उचललं. माझं वजन तेव्हा शंभरच्या आसपास होतं, म्हणजे त्याचा आनंद किती असेल बघा. खाली रस्त्यावर लोक जमले. त्यांना वाटलं, भारत जिंकला.

जायच्या चार दिवस आधी त्यानं आम्हा दोघांना एकेक कॅसेट दिली. "तिसरा टप्पा पुरा झालाय. सुरवातीपासून कारखान्यापत्तुर खेळा," म्हणाला. जुन्या टीव्ही गेमचे शौकीन पुण्या-संभाजीनगरहून सावेडीत माझ्या दुकानात जमायचे ठरले होते आणि त्यांच्यापुढे आपला गेम अख्खा, जुन्या यंत्रावर चालावा, एवढी एकच त्याची हौस होती. मी पुलाशीच अडखळत होतो तोवर तो फोन आला.

राजाभाऊच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आम्ही दोघांनी कंबर कसली. पूल जमला, हमरस्ता जमला आणि रेल्वे फाटकाशी गेम अडकला. फाटक खाली येतं, ट्रॅक्टर थांबतो आणि मग काहीच नाही. बटणं मेलेली, आवाज बंद. आम्ही मुरलेले खेळाडू. पडदा अडकला की वीस सेकंदांत रीसेट, हे हाडात भिनलेलं. मी शंभरदा रीसेट केलं, मुनीरनं दोनशेदा. शेवटी त्यानं राजाभाऊचा प्रोग्राम उघडला. त्यात प्रत्येक तुकड्याला नातेवाइकांची नावं. सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्याला 'मेव्हणा'. फाटकापाशी किती वेळ थांबायचं त्याची मोजणी, तिच्या आत मोजणी, तिच्या आत आणखी मोजणी. "शून्य जास्त पडलंय त्याच्याकडून," मुनीर म्हणाला. "घाईत चुकला. संपणारच नाही हे." गेम अर्धवट दाखवायचा नसेल तर मार्ग एकच उरला होता. फाटक काढून टाकायचं. राजाभाऊच्या हातचं काही कापायचं होतं आणि मान मीच हलवली.

ते काम आम्ही त्याच्याच खोलीत करायला बसलो. रविवार, सकाळचे दहा. मुनीर लॅपटॉप उघडत होता. वहिनी मेथीची जुडी आणि परात घेऊन आत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. "कापायच्या आधी एकडाव मला दावा की भाऊजी. एवढी वर्सं ह्या खोलीत काय करीत हुते, म्या कधी बघितलंच न्हाई."

मी चिखल काढला, पूल काढला, हमरस्त्याला लागलो. वहिनी मेथी निवडत बघत होत्या. फाटक पडलं. ट्रॅक्टर थांबला. पाच सेकंद, दहा, वीस... माझा हात आपोआप रीसेटकडे गेला.

"काय करताय?"

"अडकला वहिनी. इथंच अडकतो."

"अडकला कुठं? फाटक पडलंय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मंग थांबायचं. गाडी यायचीय."

मुनीर त्यांना मोजणी आणि शून्य समजावून सांगू लागला. वहिनींनी ऐकून घेतलं आणि पुढची काडी उचलली. "ते आसंल. पन थांबा."

थांबलो. माणसाचं वय वाढावं इतका वेळ थांबलो. निम्मी जुडी संपली. मी पंखा बघितला, मुनीरनं बोटं मोडली. आणि मग ट्रेलरवरच्या उसाच्या ढिगावर काहीतरी हललं. तिथे दोन ठिपके होते, एक मोठा, एक लहान. ते मी काढलेले नव्हते; माझ्या उसाची दोन टिपरं चुकून बाहेर राहिली असं मी समजत होतो. त्यातला मोठा ठिपका कलला, कलला आणि आडवा झाला. लहान ठिपका सरकून त्याला चिकटून बसला.

वहिनींचा हात परातीतच थांबला.

"आत्याबाई हायेत त्या," त्या म्हणाल्या. "ह्यांची आई. ऊसतोडीला यायच्या ना पाथर्डीकडून. दिसभर तोडायचं, मोळ्या भरायच्या, अन् त्याच ट्रेलरवर बसून जायचं. फाटक पडलं की तेवढाच डोळा लागायचा त्यांचा. हे शेजारी बसून राखन करायचे. मला सांगायचे... गाडी लवकर येऊ नये, आसं वाटायचं, म्हनायचे."

मुनीर घड्याळ बघत होता, ते त्यानं मला नंतर सांगितलं: फाटक पडल्यापासून सात मिनिटं. सात मिनिटांनी डावीकडून इंजिन आलं, मागे मालगाडीचे डबे, एक, दुसरा, तिसरा, संपतच नाहीत असे. शेवटचा डबा गेला. मोठा ठिपका उठून बसला. फाटक वर गेलं आणि ट्रॅक्टरचं इंजिन धडधडायला लागलं.

बटण दाबायचं मला सुचलं नाही. पडद्यावर काही नीट दिसत नव्हतं. टीव्ही जुना, दुसरं काय! मुनीरनं लॅपटॉप मिटून पिशवीत घातला होता.

वहिनींनी पदरानं हात पुसले, डोळे पुसले आणि माझ्या मांडीवरचं पॅड स्वतःकडे ओढलं.

"चला की आता भाऊजी. मागं केवढी लाइन लागली आसंल. कुठलं दाबायचं?"

"उजवीकडचं लाल," मी म्हटलं.

त्यांनी दाबलं. रूळ ओलांडताना ट्रेलर जरा हेलकावला. "ओ, सावकाश," वहिनी पडद्याला म्हणाल्या आणि दोघांना घेऊन कारखान्याकडे निघाल्या.