बहारीनला न गेलेला गोलकीपर

आमच्या आइस हॉकी संघात गोलपोस्टसमोर उभं राहायला कोणी तयार नसे, म्हणून बर्फ गोठवणाऱ्या यंत्राचा मेकॅनिकच उभा राहायचा. माणूस गुहागरचा, पन्नाशीचा. बाकीचे सगळे सौदीतल्या धाहरानचे गोरे इंजिनिअर. मी तिथल्या रिंकच्या दारावर तिकिटं फाडायचो. रबरी चकती छातीवर आदळली की तो हळूच ‘खलास’ म्हणायचा. गोल झाला की मान हलवून ती जाळ्यातून काढायचा. गोल पुष्कळ व्हायचे.

एका हिवाळ्यात संघ चुकून तीन सामने जिंकला आणि बहारीनहून बोलावणं आलं. पण याचा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या अरब मालकाकडे, आणि त्याच्या परवानगीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं.

मी पेटलो. माणूस म्हणजे गोदामातलं सामान नव्हे, असा कफीलच्या नावे दोन पानी अर्ज लिहिला. मेकॅनिक बाकावर पॅड सोडत होता, तिथे नेऊन दिला. त्याने चष्मा लावून अख्खा वाचला.

“छान लिहितोस रे. पण कफीलसमोर मी वर्षातून एकदाच तोंड उघडतो. यंदा मुलीच्या लग्नासाठी रजा मागायची आहे.”

“काका, हा तुमचा हक्क आहे.”

“असेल. खाली सही कोणाची?”

“तुमची.”

त्याने कागद नीट घडी करून परत दिला.

संघ त्याच्याविना गेला आणि अकरा गोल खाऊन आला. कप्तान हे सांगत होता तेव्हा मेकॅनिक बर्फावर पाणी सोडत होता.

“मी असतो तर नऊ झाले असते,” तो मला मराठीत म्हणाला आणि हसला.

मला हसू आलं नाही. त्या अर्जाखाली स्वतःची सही करायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.