फेस बसू दे, मग बोल

"फेस बसू दे, मग बोल," असं म्हणून ती उजवा तळवा ग्लासावर झाकणासारखा धरायची. मग तुम्ही कितीही घाईत असा, तळवा हलायचा नाही.

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचा दुधाचा कट्टा होता. कट्टा म्हणजे एक फरशी, सहा उंच ग्लास आणि दोन म्हशी. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि कोमट दूध तिथंच उभ्यानं प्यायला द्यायचं. फेस खाली बसला की ग्लास पाऊणच उरायचा. मग ती वरून पुन्हा धार सोडायची, अगदी काठापर्यंत. "आता पी."

तिचं नाव मी लिहीत नाही. पेठेत सगळे आक्का म्हणायचे, तुम्हीही म्हणा. फुटबॉलची मॅच संपवून दोन तालमींची पोरं एकमेकांची गचांडी धरून कट्ट्यावर आली, तरी तिचं औषध तेच. दोघांच्या हातात ग्लास द्यायची आणि वर तळवा. "फेस बसू दे, मग मारामारी करा की. कुणी धरलंय?" ग्लास धरलेल्या हातानं मारामारी होत नाही, हे तिला ठाऊक होतं.

मी तेव्हा एकोणसाठ वर्षांची कोवळी पोर होते. शाहूपुरीतल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झालेली, आणि जगातलं सगळं आपल्याला समजतं अशी पक्की खात्री असलेली. आज माझी नात मला "आजी, तुला काही कळत नाही" म्हणते. तिला माझा तेव्हाचा तोरा दाखवायला हवा होता.

पहिल्याच दिवशी मी आक्काला विचारलं होतं, "दुधाला फॅट किती लागतं?"

"म्हशीला इचार की. तुझ्यापरास शिकलेली हाय ती," आक्का म्हणाली, आणि त्या दिवसापासून मी मास्तरीण झाले. "ए मास्तरीण, बाजूला हो, म्हस बुजती." "मास्तरीण, आज लई नटलीयास, कुणाचं लगीन?" रोज एक तरी टोमणा ठरलेला. मी घरी येऊन नवऱ्यापुढं फणफणायची, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा कट्ट्यावर हजर.

एका संध्याकाळी मी गेले, तर आक्कानं ग्लास भरला, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "घ्या ताई. साखर घालू का?"

तुम्ही तिथं असता तर दचकला असता. कारण दुधात साखर मागणाऱ्याला आक्का कट्ट्यावरून हाकलून द्यायची. "माझ्या म्हशीचा अपमान करतोस व्हय रं?" आणि मला ताई? ग्लासावर तळवा नव्हता. वरची धारही नव्हती. फेस खाली बसला आणि पाऊण ग्लास तसाच माझ्या हातात राहिला.

आणि मी काय केलं? मी खूश झाले! शेवटी बाईला माझी किंमत कळली, असं वाटलं. घरी येऊन मी नवऱ्याला ऐटीत सांगितलं, "बघा, शिक्षणाचा मान असतो. आज ताई म्हणाली." तिच्या कपाळाला हात लावून बघावं, एवढंही त्या विज्ञानाच्या बाईंना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत ओरडा झाला. आक्का म्हशीखाली बसून धार काढत होती आणि मांडीत बादलीच नव्हती. दूध सरळ मातीत चाललं होतं. मी हाक मारली तर तिनं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मला अजून विसरता येत नाही. घरात कुणी नसताना दार उघडं असावं, तसे डोळे. मग तिचे हातपाय ताठ झाले आणि ती कलंडली. अंग तव्यासारखं तापलेलं होतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तपासण्या चालू असतानाच तिनं सांगितलं, की तापात ओठांच्या कडेला फोड येतात ना, बहुतेक त्याच जातीचा विषाणू मेंदूवर चढलाय. क्वचित होतं असं. शिरेतून औषध द्यायचं, दर आठ तासांनी, दोन-तीन आठवडे. मग तिनं मला विचारलं, "कालपर्यंत नीट होत्या का?"

मी म्हणाले, "हो. आज सकाळपासूनच."

का खोटं बोलले? लाजेपोटी. विषाणू म्हणजे काय, यावर फळ्यावर खडू झिजवलेली बाई, ती कसं सांगणार की विषाणूनं मला ताई म्हटलं आणि मी भाळले?

मुरगूडहून, माहेराहून, आक्काचा धाकटा भाऊ आला. सकाळी सहाची आणि रात्री दहाची बाटली तो सांभाळायचा, दुपारी दोनची मी. नर्स यायची, बाटली अडकवायची, नळीवरचं चाक फिरवून थेंब मोजायची. एकेक बाटली तासभर चालायची. मला वाटायचं, आग लागलेली असताना हे पाणी असं थेंबाथेंबानं का शिंपडतायत?

"जरा भरभर सोडा ना," मी एकदा म्हणाले.

"आजी, हे औषध घाईनं सोडलं तर मूत्रपिंडं बिघडतात," नर्स म्हणाली. आयुष्यात प्रथमच मला कुणी परक्यानं आजी म्हटलं होतं. एरवी मी भांडले असते.

थेंब पडायचा. दुसरा पडायचा. आक्का डोळे मिटून पडलेली. मधूनच तिचा उजवा हात उचलला जायचा, सलाईन असलेला, आणि हवेत धार काढल्यासारखी मूठ आवळायचा. मी तो धरून ठेवायची. सुई निघेल याची भीती, नळीत दिसलेल्या बुडबुड्याची भीती, लघवीच्या पिशवीत कमी जमलं तर त्याची भीती. आणि सगळ्यांत मोठी भीती ही, की मी घालवलेला तो एक दिवस या सगळ्या थेंबांना भारी पडेल.

इकडं कट्ट्यावर म्हशींनी पान्हा चोरला. भाऊ बसला की लाथा. शेवटी त्यानं आक्काचं लुगडं अंगावरून गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला आणि धारेला बसला. एवढ्या झुपकेदार मिशांचा गडी! म्हशींनी वास घेतला, मान खाली घातली आणि दूध सोडलं. गल्ली हसली. मीही हसले आणि हसता हसताच मला रडू फुटलं. तो पदराआडून म्हणाला, "रडू नगा बाई. म्हस बुजती."

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरणीला गाठलं आणि सगळं सांगितलं. ताई, साखर, पाऊण ग्लास. तिनं कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. पण एका दिवसानं किती फरक पडला असता, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही." तिनं धीर दिला असता तर मी कदाचित विसरले असते. तिनं खरं सांगितलं.

आठव्या दिवशी ताप उतरला. दहाव्या दिवशी आक्कानं डोळे नीट उघडले आणि भावाला म्हणाली, "मिशा कापल्या न्हाईस अजून? झुरळावानी दिसतुयास." भाऊ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी पुढं सरकले. आता माझा नंबर. टोमणा खायला मी आयुष्यात इतकी आतुर कधीच नव्हते.

आक्कानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "बसा की, पावणं," ती म्हणाली. "कुनाकडं आलाय?"

एकवीस दिवसांच्या बाटल्या पुऱ्या झाल्या. आक्काला मुरगूड आठवलं, आईबाप आठवले, म्हशी आठवल्या, धार काढायची रीत आठवली. पेठेतली वर्षं मात्र आली नाहीत. त्या वर्षांतच मी होते. भाऊ तिला आणि म्हशींना मुरगूडला घेऊन गेला.

मी वर्षातून दोन-तीनदा तिथं जायची. दर वेळी पावणं. शेवटच्या भेटीत, ती धारेला बसली असताना, मी म्हटलं, "आक्का, एक गोष्ट सांगू? पेठेत एक मास्तरीण होती." आणि सगळी हकीकत सांगितली, दुसऱ्या कुणाची असावी तशी. दूधवाली आजारी होती, मास्तरणीला कळलं नाही, वर डॉक्टरांशी खोटं बोलली.

आक्काची धार थांबली. "लई शानी म्हनायची! एवढी बुकं शिकली आन् 'ताई' म्हनल्यावर भुलली? गेलतो मी बी शाळंत दोन वर्सं, पर एवढं येडं कोन बघितलं न्हाय. माझी म्हस बरी. मी आजारी पडलो तर वासावरनं वळखती."

मी मान खाली घालून ऐकत होते. किती वर्षांनी मिळत होतं ते!

मग म्हशीच्या पोटाला डोकं टेकून ती म्हणाली, "पर बिचारी लई भ्याली असंल न्हाय?"

"लई," मी म्हटलं.

"तिला म्हनावं, भिऊ नगंस. दूधवाली जगली न्हवं?"

मला पुढं काही विचारायचं होतं. तोंड उघडलं, पण तिनं माझ्या हातात ग्लास दिला आणि वर तळवा ठेवला.

"फेस बसू दे, पावणं. मग बोला."

आम्ही दोघी थांबलो. फेस बसला. आक्कानं वरून धार सोडली, अगदी काठापर्यंत.